मदत किती वेगाने कापता, ते आधी सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वरच्यांकडून कर घेऊन खालच्यांना पैसे वाटले की माणसे कामचुकार होतात, असे एक बाजू ठासून सांगते. दुसरी म्हणते, असे काही होतच नाही. दोघेही भांडतात ते कराच्या दरावर. काम वाढवावे की नाही हे मात्र माणूस वेगळाच हिशेब करून ठरवतो : आणखी १०० कमावले, तर हातात किती पडतील? त्यातून कर वजा होतो आणि कमाई वाढली म्हणून बंद पडणारी मदतही. ही दुसरी वजाबाकी पगाराच्या चिठ्ठीवर छापलेली नसते, म्हणून चर्चेतून सुटते.

ब्रिटनमधल्या 'युनिव्हर्सल क्रेडिट'चेच पाहा. कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणारी ही मदत कमाई वाढेल तशी घटते : कर वगैरे जाऊन उरलेल्या प्रत्येक पौंडामागे ५५ पेन्स. आता आयकर भरण्याइतकी कमाई असलेल्या इंग्लंडमधल्या कामगाराने १०० पौंडांचे जादा काम केले असे धरू. एप्रिल २०२४ पासूनच्या दरांनी २० पौंड आयकरात गेले, ८ राष्ट्रीय विम्यात. राहिले ७२. त्यांच्या ५५ टक्के, म्हणजे ३९.६० पौंड मदत कापली गेली. हाती आले ३२.४० पौंड. कामावर जाण्या-येण्याचे भाडे आणि मुलांना सांभाळणाऱ्याचा खर्च यातूनच करायचा. त्याच देशात सर्वांत श्रीमंतांच्या आयकराचा दर ४५ टक्के आहे. या कामगाराच्या १०० मधले ६७.६० गेले. कपातीचा दर सुरुवातीला ६५ टक्के होता, २०१७ मध्ये ६३ झाला, २०२१ मध्ये ५५.

ही निदान उतरण तरी आहे. खरे नुकसान करतो तो कडा. आजारी किंवा अपंग माणसाची आठवड्याला किमान ३५ तास काळजी घेणाऱ्यांना ब्रिटनमध्ये भत्ता मिळतो. २०२४-२५ मध्ये तो आठवड्याला ८१.९० पौंड होता आणि निव्वळ कमाईची मर्यादा १५१ पौंड. १५१ कमावले तर पूर्ण भत्ता, १५२ झाले तर शून्य. गमावलेले भरून काढायला कमाई एकदम २३२.९० वर न्यावी लागते, आणि ज्याला घरी रुग्ण सोडून हलता येत नाही त्याला ते जमणार कसे? तो जादा तास नाकारतो. त्याला आळशी म्हणणे अन्याय आहे; त्याने बेरीज-वजाबाकी बरोबर केली आहे. ज्यांची कमाई दर आठवड्याला कमी-जास्त होते, त्यांची तर परवडच. मर्यादा ओलांडल्याचे कार्यालयाच्या उशिरा लक्षात येते आणि तोवरच्या सगळ्या भत्त्याची वसुली एकदम निघते. एप्रिल २०२५ मध्ये मर्यादा १९६ पौंड केली गेली. कडा पुढे सरकला, मोडला नाही.

गंमत अशी की लोक घाबरतात ते स्लॅबला. वरच्या स्लॅबमध्ये गेलो तर सगळ्याच पगारावर जास्त कर बसेल, हा समज घट्ट बसलेला आहे आणि तो चूक आहे. वाढीव दर फक्त मर्यादेच्या वरच्या रकमेला लागतो.

मग मदत हळूहळू कापावी हे सोपे उत्तर झाले का? नाही, कारण त्याची किंमत आहे. कमाई शून्य असताना मिळणारी मदत महिना १०,००० ठेवून कमाईच्या ५० टक्क्यांनी कापली, तर ती २०,००० कमाईवर संपते. कपात २५ टक्क्यांवर आणली, तर ४०,००० पर्यंत पोहोचते. मधल्या उत्पन्नाची असंख्य कुटुंबे त्यात येतात, खर्च फुगतो, आणि तो भागवायला कोणाचा तरी कर वाढतो. भरघोस मदत, सौम्य कपात आणि कमी खर्च या तिन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत. जो तिन्हींचे आश्वासन देतो, त्याने आकडे मांडलेले नसतात.

आणखी एक घोळ योजना एकमेकींवर चढल्या की होतो. समजा, तीन सरकारी खाती आपापली मदत एकूण कमाईच्या ३० टक्क्यांनी कापतात, वर २० टक्के कर. प्रत्येक खात्याला आपली कपात माफक वाटते. बेरीज ११० होते. म्हणजे १०० कमावण्यासाठी १० पदरचे घालायचे. हीच कपात एकापाठोपाठ, आधीच्या वजावटीनंतर उरलेल्या रकमेवर केली, तर ८०, ५६, ३९.२० असे होत शेवटी २७.४४ उरतात. फार नाहीत, पण आतबट्ट्याचा व्यवहार तरी टळतो.

अमेरिकेने १९७५ मध्ये कमावत्यांसाठी आणलेली कर-सवलत उलट्या टोकाने चालते. दोन मुले असलेल्या घराला सुरुवातीच्या कमाईच्या प्रत्येक डॉलरमागे सरकारकडून ४० सेंट जादा मिळतात. पुढे काही टप्पा रक्कम स्थिर राहते, मग २१.०६ टक्क्यांनी घटत जाते. एकट्या माता यामुळे कामाकडे वळल्या असे अनेक अभ्यासांत दिसले, अलीकडे त्यावर वादही आहे. ज्याला कामच मिळत नाही त्याला मात्र यातून छदामही मिळत नाही, ही तिची मोठी उणीव. कामाची अट नसलेली किमान उत्पन्नाची हमी देऊन पाहण्याचे प्रयोगही तिथेच १९६८ पासून झाले. कामाचे तास घटले हे मान्य केले पाहिजे : घरातल्या मुख्य कमावत्याचे थोडे, बायकांचे अधिक.

वरच्या टोकाला प्रकार निराळा. भारतात १९७३-७४ मध्ये अधिभारासह आयकराचा कमाल दर ९७.७५ टक्के होता. इतक्या दराला माणूस काम सोडण्याआधी उत्पन्नाचे रूप बदलतो, ते पुढे ढकलतो किंवा लपवतो.

म्हणून एक मागणी आहे. कराचा किंवा मदतीचा नवा निर्णय जाहीर होईल तेव्हा सोबत एक तक्ता छापला जावा : उत्पन्नाच्या प्रत्येक पायरीवर, सगळ्या योजना आणि कर एकत्र धरून, पुढच्या १०० पैकी घरात किती राहतात. आकडा जिथे शून्याखाली जातो, ती ओळ ठळक छापावी.

आपला,
एक नियमित वाचक