रोखीत पगार देणारा मोकळा, भत्ता मागणारा चोर?

मा. संपादक,

नोकरी गेल्यावर ईएसआयसीकडून, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडून, पैसे मिळतात हेच मुळात आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत नसतं. २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे, आधी रोजच्या सरासरी कमाईच्या २५ टक्के मिळायचे, कोविडच्या काळात ते ५० टक्के केले, तेही जास्तीत जास्त ९० दिवस आणि आयुष्यात एकदाच. म्हणजे फार काही नाही, पण घरभाडं तरी निघतं. मी ओळखीतल्या कामगारांचे ऑनलाइन फॉर्म भरून देतो त्यामुळे सांगतो, माहिती मिळाली तरी गाडी अडते ती हजेरीवर.

नियम असा की विमा निदान दोन वर्षांचा हवा, काम सुटायच्या लगेच आधीच्या सहामाहीत कमीत कमी ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी आणि त्याच्या मागच्या तीन सहामाह्यांपैकी एकीत परत ७८. आता छोट्या युनिटमध्ये काय चालतं, पक्कं मस्टर ऑफिसात आणि कच्ची वही सुपरवायझरच्या खिशात. माणूस महिन्याला २६ दिवस राबतो, मस्टरवर १० लागतात, बाकीचे पैसे पाकिटात. सहा महिन्यांचे झाले ६०. संपला विषय, क्लेम पुढे सरकतच नाही.

दुसरा प्रकार जास्त सभ्य दिसतो. दिवस पूर्ण दाखवायचे, पगार कमी दाखवायचा. समजा हातात १८,००० पडतात आणि कागदावर १०,००० आहेत, तर मदत १०,००० च्या निम्मी, म्हणजे ९,००० च्या जागी महिन्याला ५,०००. मालकाचे ईएसआयचे वाचले किती तर ८,००० चे सव्वातीन टक्के, २६० रुपये (पीएफचं वेगळंच). कामगाराचा हिस्सा पाऊण टक्का, त्याचेही ६० वाचले, आणि या साठ रुपयांवरून त्यालाच वर सुनवतात की कॅश घेताना गोड लागली ना, मग आता भत्ता कसला मागतोस! अरे पण त्याला विचारलं कोणी होतं? नाही म्हटलं तर उद्यापासून येऊ नको, एवढाच चॉइस असतो.

आणि गंमत म्हणजे कायदा मालकालाच जबाबदार धरत आलाय. १९४८ च्या ईएसआय कायद्यात दोन्ही हिस्से आधी मालकानंच भरायचे असं होतं, आणि कलम ६८ तर सरळ सांगायचं की मालकानं वर्गणी बुडवल्यामुळे कामगाराचा हितलाभ हुकत असेल तर महामंडळ तो कामगाराला देऊ शकतं आणि नंतर मालकाकडून वसूल करू शकतं. मग बेरोजगारीच्या मदतीला पण हाच न्याय लावायला काय हरकत आहे?

पुरावा नाही असं म्हणायचे दिवस पण गेले. सुपरवायझरचे व्हॉट्सॲप मेसेज असतात, "उद्या सेकंडला ये, दोन जण कमी आहेत", शनिवारी त्याच्याच पर्सनल नंबरवरून यूपीआयनं आलेला हप्ता असतो, गेटवर काढलेले फोटो असतात. हे सगळं कामगाराच्या मोबाईलमध्ये पडून आहे, क्लेमसोबत घ्या की ते, आणि हा माणूस आमच्याकडे नव्हता हे सिद्ध करायचं काम मालकावर टाका.

भत्ता चालू असताना गुपचूप रोखीत काम करणारे पण आहेत, नाही असं नाही, तो खोटेपणाच आहे आणि पकडला तर वसुली व्हायलाच पाहिजे. पण तो माणूस वेगळा आणि ज्याची खरी हजेरी दुसऱ्यानं लपवली तो वेगळा, दोघांना एकाच दोरीनं बांधू नका.

हे होईल तेव्हा होईल. ज्यांची नोकरी आज चालू आहे त्यांनी तेवढं ईएसआयसीच्या पोर्टलवर लॉगिन करून आपल्या नावावर किती दिवस आणि किती पगार पडलाय ते बघावं, सहामाही एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशी धरतात, ती संपायच्या आत बघितलं तर निदान भांडायला वेळ राहतो.

– एक वाचक