अण्णांना पत्र: शंटिंगचं इंजिन आणि घरचा बोर्ड

ओमाहा, नेब्रास्का
१८ जानेवारी

ती. अण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

फोनवर आपलं बोलणं ‘जेवला का, थंडी किती’ एवढ्यातच आटोपतं, आणि तेवढ्यात माय फोन ओढून घेते. म्हणून लिहायलाच बसलो. सोबतचे फोटो पिंटूला मोठे करून दाखवायला सांगा. एवढ्या लांब जाऊन पोरगं यार्डातली इंजिनं काढत बसलंय, असं तुम्ही म्हणणार. पण भुसावळला तुम्ही मला शाळेऐवजी रेल्वेच्या सिग्नल केबिनवर न्यायचात, तेव्हा त्याचा दोष माझ्या एकट्याचा नाही.

पहिल्या फोटोतलं बुटकं इंजिन एका मक्याच्या कोठारावर काम करतं. एसडब्ल्यू १५०० म्हणतात त्याला. १९६६ ते १९७४ या काळात बनलेलं. मोठ्या रेल्वेत नोकरी संपली की अशी इंजिनं कोठारवाले विकत घेतात. ताकद १५०० अश्वशक्ती, म्हणजे मेन लाइनवरच्या ४४०० वाल्याच्या एक-तृतीयांश. पण वजन चार धुऱ्यांवर एकशे वीस टनांच्या आसपास, आणि शंटिंगला, म्हणजे यार्डात डबे पुढे-मागे ढकलायला, वजनच लागतं, हे तुम्हाला मी काय सांगणार! तुमच्या शंटिंगच्या डब्ल्यूडीएस-४ इंजिनाच्या तीन धुऱ्या बाहेरून दांड्यांनी जोडलेल्या असायच्या. इथं दांडी दिसणार नाही. डिझेल इंजिन वीज तयार करतं आणि प्रत्येक धुरीला आपली मोटर. पुढे पायरीवर उभा असलेला माणूस पाहून तुम्हाला ओळखीचं वाटेल. पूर्वी इथल्या शंटिंग इंजिनांना पुढे-मागे रुळालगत आडवी फळी असायची, माणसं तिच्यावर उभी राहून जायची. पाय घसरला की संपलं. १९७० च्या दशकाच्या शेवटी ती बंद झाली.

दुसरं इंजिन एका म्युझियममधलं. ते ४४ टनांचंच का, याची गंमत ऐका. १९३७ मध्ये इथल्या रेल्वे आणि युनियन यांच्यात करार झाला, की ९०,००० पौंड किंवा त्याहून जड इंजिनावर ड्रायव्हरसोबत फायरमन हवाच. डिझेलला कोळसा टाकणारा फायरमन कशाला, म्हणून जनरल इलेक्ट्रिकने इंजिनच ४४ टनांचं केलं, म्हणजे इथल्या टनांत ८८,००० पौंड. १९४० ते १९५६ अशी इंजिनं बनली. युनियनच्या अटीने इंजिनाचा आकार ठरवला! आता तर कित्येक यार्डांत ड्रायव्हरही इंजिनात नसतो. खाली उभा असलेला माणूस पट्ट्याला पेटी अडकवून रिमोटने डबे ढकलतो. ते काढायला मला मन होत नाही.

नॉर्थ प्लॅटचं यार्डही पाहून आलो. जगातलं सगळ्यात मोठं, आठ मैल लांब, दोन हंप, म्हणजे डबे घरंगळत आपापल्या रुळावर जावेत म्हणून केलेले उंचवटे. बघायला मुद्दाम मनोरा बांधलाय. पण वरून सगळं खेळण्यासारखं दिसतं, फोटोत काही उतरत नाही. खरे फोटो रस्त्याच्या फाटकावरून मिळतात. सार्वजनिक रस्त्यावरून काढायला इथं कुणी हटकत नाही. रुळांवर पाय ठेवला तर मात्र गुन्हा.

आता माझं खरं वेड. मला सांधा, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा, बदलतानाचा फोटो हवा होता. इथं हातानं फिरवायचे सांधे अजून खूप आहेत. शेजारी खांब, त्यावर रंगीत पत्रा, लीव्हरला कुलूप. जवळ जाता येत नाही, म्हणून लांबची लेन्स लावून फाटकाशी गुडघ्यांवर बसायचं. कॅमेरा जेवढा खाली, तेवढी टंग रेल, म्हणजे सरकणारा टोकदार रूळ, आणि मुख्य रूळ यांच्यातली चार-पाच इंचांची फट स्पष्ट दिसते. बर्फ पडला की त्याच फटीत बर्फ घट्ट बसतो, म्हणून मोठ्या सांध्यांखाली गॅसचे बर्नर पेटवतात. भुसावळच्या उन्हात रूळ तापून वाकतील म्हणून गस्त घालायची आणि इथं रूळ मुद्दाम शेकायचे!

तुम्ही सांगायचात, पाच मिलिमीटरची पट्टी मध्ये घातली तरी सांध्याचं लॉक बसता कामा नये. अर्धवट सांधा म्हणजे डबा खाली. घरातल्या बटणाचंही तसंच आहे, हे मला अलीकडे कळलं. हळू सरकणाऱ्या पत्र्यांमध्ये ठिणगी लांबते आणि बटण जळतं, म्हणून आत स्प्रिंग. बोट कितीही सावकाश असो, ते फटकन पडतं. न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्सने १८८४ मध्ये ही युक्ती काढली. सांध्याचा अर्धवट क्षण मला एका फोटोत मिळाला, चौथा पाहा. बटणाचा मिळणं अशक्यच, नाद सोडला.

तरी इथल्या घराघरांतली बटणं काढतोय. इथं बटण वर केलं की दिवा लागतो, आपल्याकडे खाली केलं की. शंभरेक वर्षं जुन्या घरांत एकाखाली एक दोन गोल बटणं असतात, चालूच्या बटणावर शिंपल्याचा ठिपका, अंधारात सापडावं म्हणून. प्लगला मात्र बटणच नसतं. मायला हे पटणार नाही. ती चार्जर काढल्यावर बटण बंद आहे ना, हे दोनदा बघते.

दादा म्हणाला, होळीआधी वायरिंग बदलून नवी मॉड्युलर बटणं बसवणार. बसवा, जुनी वायर धोक्याचीच. पण ओट्यावरचा लाकडी बोर्ड, काळ्या बॅकेलाइटच्या गोल बटणांचा, भंगारवाल्याला देऊ नका. पिंटूला सांगा, सकाळी दार उघडून, फ्लॅश न मारता, समोरून आणि बाजूने त्याचे फोटो काढ. मळ्यातल्या स्टार्टरचाही काढायचा, हिरव्या-लाल बटणांचा. रात्रीची थ्री फेज येते तेव्हा तुमचा हात त्या हिरव्या बटणावर असेल तर फारच छान, पण उगाच थंडीत जागू नका. केळीला पाणी दादा देईल.

बोर्ड काढताना आधी मेन बंद करायला लावा, वायरमन घाईत असतात. बामणोदच्या वांग्यांचं भरीत झालं असेल, तर त्याचा फोटो मात्र पाठवू नका. मायला नमस्कार, वहिनीला आणि पोरांना आशीर्वाद.

तुमचा,
बापू