खोद्स्कोला जाशील तेव्हा

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तू पिल्झेनला राहतेस म्हणजे खोद्स्को, दोमाझ्लित्से शहराभोवतीचा हा चेक मुलूख, तुझ्या दाराशीच आहे. दोमाझ्लित्सेपर्यंत रेल्वेने साधारण तासाभराचा रस्ता. बहुतेक लोक तिथल्या चौकात फोटो काढतात, एक कोलाच (इथला गोड पाव) खातात आणि दुपारच्या गाडीने परत फिरतात. शहर बघून होतं, मुलूख राहूनच जातो. तू दोन दिवस काढ आणि त्यातला एक अख्खा खेड्यांना दे.

प्रागहून म्युनिकला जाणारी गाडी घेतलीस तर डोळा लागू देऊ नकोस. दोमाझ्लित्सेनंतर ती सरळ जर्मनीत फुर्थ इम वाल्डला जाते आणि तुझं तिकीट तिथे चालणार नाही. पासपोर्ट आणि रेसिडेन्स कार्ड दोन्ही जवळ ठेव. डोंगरातल्या पायवाटा सीमेला अगदी खेटून जातात.

आधी थोडा इतिहास, नाहीतर ऊयेझ्द गावाजवळचा कोझिनाचा पुतळा नुसता दगड वाटेल. खोद हे बोहेमियाच्या, म्हणजे आजच्या चेक देशाच्या पश्चिम भागाच्या, राजाचे सीमारक्षक. बव्हेरियाकडून येणाऱ्या जंगलवाटा त्यांनी राखायच्या, बदल्यात काही सवलती आणि राजाखेरीज दुसरा धनी नाही. आपल्याकडच्या वतनासारखंच ते. आज हाती असलेली सर्वांत जुनी सनद 1325 ची, लक्झेंबर्गच्या राजा जॉनची. त्यांची मूळ गावं अकरा: पोस्त्रेकोव, क्लेंची, ऊयेझ्द, द्राझेनोव, म्राकोव वगैरे. 1630 साली हा सगळा मुलूख लामिंगर नावाच्या सरदाराला 56,000 गुल्डनला विकला गेला आणि पहारेकऱ्यांची कुळं झाली. 1668 मध्ये तर ‘या विषयावर यापुढे कायमचं मौन’ असा बादशाही हुकूमच निघाला. तरी ते भांडत राहिले. शेवटी 28 नोव्हेंबर 1695 ला खोदांच्या पुढाऱ्यांपैकी यान स्लादकी याला पिल्झेनमध्ये, तू राहतेस त्याच शहरात, फाशी दिलं. ‘कोझिना’ हे त्याच्या शेतघराचं नाव, तेच त्याला चिकटलं. ‘वर्ष आणि एका दिवसाच्या आत देवाच्या दरबारात भेट’ असं तो फासावरून तेव्हाच्या लामिंगर धन्याला म्हणाला, ही लोककथा. धनी 2 नोव्हेंबर 1696 ला मेला, हे मात्र खरं. तो क्लेंचीच्या चर्चमध्ये पुरलेला आहे.

दोमाझ्लित्सेत अर्धा दिवस पुरे. चौक लांबोळका, दोन्ही बाजूंना कमानींच्या ओवऱ्या, त्यामुळे पाऊस आला तरी अडत नाही. चर्चचा गोल मनोरा 56 मीटर उंच आणि साधारण 60 सेंटिमीटर कललेला आहे. खालून नीट बघ, कल लगेच कळतो. वर जायला जवळजवळ दोनशे पायऱ्या आहेत. मग किल्ल्यातलं संग्रहालय बघ. तिथली बॅगपाइप जवळून पाहा: सुरावटीची नळी जिथे पिशवीला जोडते तिथे लाकडात कोरलेलं बोकडाचं डोकं असतं, आणि हवा तोंडाने फुंकत नाहीत, कोपराखालच्या भात्याने भरतात. म्हणूनच वाजवणारा वाजवता वाजवता गातोही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या छोट्या गाडीने क्लेंची स्टेशन. तिथून चढत वीहलेदी, पुढे त्सापार्तित्से, तिथून चेर्खोव (1042 मीटर, या रांगेतलं सर्वांत उंच टोक) आणि उतरून पेत्स गावी, तिथे पुन्हा गाडी. एकूण 16 ते 18 किलोमीटर, चढ पाचशे मीटरहून जास्त. थांबत गेलीस तर सहा तास धर. शिखराजवळ जुना लष्करी डांबरी रस्ता आहे, त्यावर सायकली सुसाट येतात, कडेने चाल. वरचा दगडी मनोरा 1905 चा. तो हंगामातच उघडा असतो.

वाटेच्या खुणा झाडांवर रंगवलेल्या दिसतील: तीन आडवे पट्टे, वरचा-खालचा पांढरा, मधला लाल, निळा, हिरवा किंवा पिवळा. रंग म्हणजे फक्त वाटेची ओळख, अवघडपणाशी त्याचा संबंध नाही. दोन-तीनशे मीटर चालूनही खूण दिसली नाही तर पुढे जाऊ नकोस, शेवटच्या खुणेपर्यंत मागे ये. वळण बहुधा तिथेच हुकलेलं असतं. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घे.

लोक खरे फसतात ते बसच्या वेळापत्रकात. स्टॉपवरच्या कागदावर वेळेशेजारी बारीक चिन्हं असतात. एकमेकांवर तिरके ठेवलेले दोन हातोडे म्हणजे फक्त कामाचे दिवस, क्रूस म्हणजे रविवार आणि सुट्टी, वर्तुळातला 6 म्हणजे शनिवार. शिवाय तळटीप वाच. ‘नेयेदे’ आणि पुढे तारखा दिसल्या तर त्या काळात ती बस धावत नाही. शाळेच्या मुलांसाठीच्या बस जुलै-ऑगस्टमध्ये अशाच गायब होतात. काही लहान स्टेशनांवर गाडी चढणारं-उतरणारं कोणी असेल तरच थांबते, म्हणून फलाटावर दिसेल अशी उभी राहा. खेड्यातली खानावळ सोमवारी-मंगळवारी बंद असू शकते. पाणी, पाव आणि रोख कोरुना बरोबर ने.

गवतातून आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत गोचीड तपास. सापडला तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढ, तेल-बिल लावू नकोस. गोचिडीमुळे होणाऱ्या मेंदूज्वराची लस घेतली नसशील तर जाण्याआधी डॉक्टरांना विचार. ती एका डोसात पुरी होत नाही.

वेळ उरला तर नेमानित्सेच्या पलीकडे, सीमेलगत लुचिना बघ. जर्मन भाषकांचं ग्राफेनरीड ते हेच. 1945 नंतर माणसं हाकलली गेली, पुढे घरं पाडली गेली. आता चर्चचा पाया आणि तळघरं उकरून काढली आहेत. खोदांचे शेजारी हेच होते, हे दोमाझ्लित्सेच्या चौकात उभं राहून कळत नाही. बस कमी, सायकल बरी.

ऑगस्टमध्ये 10 तारखेच्या आसपास दोमाझ्लित्सेला खोदांचा मोठा उत्सव आणि जत्रा असते. पारंपरिक पोशाख बघायला तेव्हाच जा, पण राहायची खोली बरीच आधी ठरव. पोस्त्रेकोवमधल्या आजी सणाला अजूनही लाल घागरे नेसतात. फोटोआधी विचार. कोलाच घेशील तेव्हा मोठा घे, ताटाएवढा, वर पनीरसारखा त्वारोह, काळी खसखस आणि आलुबुखाऱ्याचा मुरंबा यांची नक्षी असलेला. त्याच दिवशी संपव, दुसऱ्या दिवशी कोरडा पडतो.

पेत्सहून शेवटची गाडी किती वाजता, ते निघण्याआधी बघून ठेव आणि मला कळव.

तुझा,
बाबा