टोकियो ते सॅन फ्रान्सिस्को: अंतर चुकीचे, वेळ चुकीची, तारीखही चुकीची

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

विषय: विमान प्रवासाची चुकीची माहिती आणि त्यामुळे झालेले नुकसान

महोदय,

मी आपल्या प्रवास नियोजन ॲपची वार्षिक वर्गणी भरलेला ग्राहक आहे. टोकियो ते सॅन फ्रान्सिस्को हे हवाई अंतर आपले ॲप 7,192 किलोमीटर दाखवते. प्रत्यक्षात ते 8,300 किलोमीटरच्या आसपास आहे. मधले हजारभर किलोमीटर कुठे गडप झाले, हे अखेर मीच शोधून काढले. अंतरावर बोट दाबून धरले की खाली बारीक अक्षरांत 4,470 मैल असे येते. हे सागरी मैल आहेत, म्हणजे एकेक 1.852 किलोमीटरचा. तुम्ही त्यांना जमिनीवरच्या मैलाप्रमाणे 1.609 ने गुणून मोकळे झालात. मग त्याला ताशी 900 ने भागले, आले 8 तास! धावपट्टीपर्यंतची रांग, चढणे, उतरणे, यातले काहीच हिशेबात नाही.

बरे, जाताना 8 आणि येतानाही 8. प्रशांत महासागरावर उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो. हिवाळ्यात जपानच्या आसपास तो ताशी 200 किलोमीटरच्याही वर जातो. म्हणून टोकियोहून निघालेले विमान साधारण साडेनऊ तासांत पोहोचते आणि परतीला अकराच्या आसपास लागतात. विमान कंपन्यांची वेळापत्रके नुसती चाळली असती तरी हे दिसले असते.

यावर आपल्या प्रतिनिधीने कळवले, "वेळ अंदाजे असते." अंदाज कधी कमी, कधी जास्त निघतो. तुमचा मात्र दोन्ही दिशांना कमीच.

खरा भुर्दंड तारखेने पडला. टोकियोहून संध्याकाळी 5 ला निघालेले विमान सॅन फ्रान्सिस्कोला त्याच तारखेला सकाळी साडेदहाला उतरते, कारण वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली जाते. उन्हाळ्यात दोन्ही शहरांच्या घड्याळांत 16 तासांचा फरक असतो, हिवाळ्यात 17. आपल्या ॲपने तास वजा केले, पण तारीख टोकियोचीच, म्हणजे पुढची ठेवली आणि हॉटेलच्या आरक्षणात तीच आपणहून भरली. काउंटरवरच्या बाईंनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला: आरक्षण उद्याचे. त्या रात्रीची खोली मला आयत्या वेळच्या दराने घ्यावी लागली.

त्या जादा रात्रीचे पैसे आणि उरलेल्या मुदतीची वर्गणी मला परत हवी आहे. शिवाय मैलांचे गणित दुरुस्त करा, जाण्यायेण्याची वेळ वेगवेगळी द्या आणि पोहोचण्याची तारीख त्या शहराच्या पंचांगाप्रमाणे दाखवा. तोवर हॉटेलची तारीख आपोआप भरणे तरी बंद ठेवा.

तिकीट, हॉटेलची पावती आणि ॲपचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत. पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावे.

आपला,
एक वर्गणीदार