महोदय, तुमच्या आकड्यात माझी आई अजून जिवंत आहे

प्रति,
मा. मंत्रिमहोदय, नगरविकास,
मंत्रालय, मुंबई.

विषय : माझी आई २०१४ साली वारल्याबाबत.

महोदय,

सादर नमस्कार. मी वसईच्या पश्चिम पट्ट्यातला एक निवृत्त प्राथमिक शिक्षक. आपला वेळ मोलाचा आहे याची जाणीव आहे, म्हणून थोडक्यात लिहायचं ठरवून बसलो आहे. जमेल असं वाटत नाही.

मागच्या आठवड्यात मला एका कार्यालयाचं पत्र आलं. कुठल्या, ते लिहीत नाही. अजून मला तिथून दोन दाखले घ्यायचे आहेत. आमच्या गावठाणात नळाला पाणी कधी येणार, असा अर्ज मी चौदा महिन्यांपूर्वी केला होता. उत्तर आलं हेच खरं तर कौतुकाचं. उत्तराचा सारांश असा, की पाणीवाटपाचं नियोजन ‘सन २०११ च्या जनगणनेनुसार’ केलेलं असून आमच्या भागास ‘पुरेसा पुरवठा प्रस्तावित’ आहे.

प्रस्तावित पाणी प्यायला कसं लागतं, ते आपण एकदा सांगावं. आमच्या विहिरीचं मचूळ लागतं.

पण मी अडलो तो २०११ या आकड्यावर. कारण, महोदय, तो आकडा मी ओळखतो. त्यातला थोडा मी माझ्या हाताने लिहिलेला आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये मी प्रगणक होतो. नालासोपारा पूर्वेला, संतोष भुवनच्या चाळींमध्ये, शाळा सुटली की काखोटीला फॉर्म मारून हिंडायचो. दिवसा निम्म्या खोल्यांना कुलूप, रात्री गेलं तर एकेका खोलीत पाळीने झोपणारी माणसं. एक जण म्हणाला, “मास्तर, मी रात्रपाळीचा, मला दिवसाच्या माणसात धरा.” २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी होती. स्टेशनच्या पुलाखाली झोपलेल्यांना उठवून त्यांचं वय विचारत होतो. १ मार्चचे बारा वाजले आणि आम्ही थांबलो. त्यातून आमच्या वसई-विरार शहराचा आकडा निघाला : १२,२२,३९०.

माझ्या घरी मोजणीला माझ्याच शाळेतले एक गुरुजी आले होते. त्यांनी विचारलं, “कुटुंबप्रमुख कोण?” आई ओट्यावर सुपाऱ्या निवडत होती. तिथूनच म्हणाली, “मीच की.” वय विचारलं तर म्हणाली, “ऐंशी लिहा, चार कमी-जास्त तुम्ही बघा.” घरात आम्ही पाच जण होतो. आई, मी, आमची मंडळी, मुलगा आणि मुलगी.

आई २०१४ च्या पावसाळ्यात गेली. मुलगी लग्न होऊन गेली, सून आली, दोन नातवंडं झाली. थोरला नातू आता पाचवीला आहे. पण आपल्या पाण्याच्या हिशेबात त्याचा जन्मच व्हायचा आहे आणि माझी आई अजून ओट्यावर सुपाऱ्या निवडत बसली आहे. तिच्या वाटणीचं पाणी कुठे जातं, एवढं तरी शोधून द्या. ती गेली त्या दिवशी अंघोळ घालायला शेजारच्या वाडीतून हंडे आणावे लागले होते.

गणित हा माझा विषय होता, म्हणून थोडा हिशेब मांडतो. सूर्या धरणाचं जुनं पाणी, त्याच्याच नव्या योजनेतलं मंजूर १८५ दशलक्ष लिटर, उसगाव आणि पेल्हारची धरणं, सगळं धरलं तर रोज चारशे दशलक्ष लिटरच्या आसपास जातं. दहा-वीस इकडेतिकडे असेल. माझ्या हाताखाली अभियंते नाहीत, कॅल्क्युलेटर आहे. त्याला १२,२२,३९० ने भागा. माणशी रोज ३२७ लिटर! शहरी माणसाला १३५ लिटर पुरतात असं आपलंच मानक सांगतं. म्हणजे कागदावर मी अडीच माणसांचं पाणी पितो आहे. पंचवीस लाख लोक धरले तरी माणशी १६० पडतात. मग माझ्या बायकोने वयाच्या चौसष्टाव्या वर्षी वीस लिटरचा जार कडेवर का घ्यायचा?

आज नेमकी वस्ती किती, ते कोणीच सांगत नाही. भाषण करणारे पंचवीस लाख म्हणतात, निधी मागायचा असला की तीस लाख म्हणतात आणि निधी द्यायची वेळ आली की सगळे बारा लाखांवर येतात. जानेवारी २०२६ मध्ये महापालिकेचं मतदान झालं तेव्हा नुसते मतदारच अकरा लाखांच्या वर होते. म्हणजे २०११ च्या हिशेबाने आमच्या शहरात मुलंबाळं जवळपास नाहीतच. माझी सगळी नोकरी मग कुणाला शिकवण्यात गेली, कोण जाणे. आणि त्याच २०११ च्या डोक्यांवर ११५ नगरसेवकांच्या जागा बेतल्या. मतं द्यायला आम्ही आजचे, मोजायला पंधरा वर्षांपूर्वीचे.

आता विहिरीचं सांगतो. वाडीला आजोबांच्या वेळची विहीर आहे, रहाटाचे दगड अजून शाबूत आहेत. त्या पाण्यावर राजेळी केळी व्हायची. आई तिची सुकेळी करायची, ती दादरला पाव्हण्यांकडे जायची. शहरात इमारती उठल्या तसे टँकरवाले आमच्या पट्ट्यात शिरले. गोडं पाणी उपसून उपसून नेलं आणि रिकाम्या जागी समुद्र आत आला. माझ्या केळीची पानं कडेने करपायला लागली तेव्हा मला वाटलं रोग आहे. औषध मारलं, खत घातलं. शेवटी जिभेला पाणी लावलं तेव्हा कळलं. आता तीच पाण्याची गाडी मी दोन हजार रुपये मोजून दारात बोलावतो. माझ्याच जमिनीखालचं पाणी एके काळी असंच कुणाच्या तरी दारात गेलं असेल.

घरामागे बावखल होतं. आपल्याला बावखल माहीत नसेल. वसईत घराशेजारी, वाडीशेजारी अशी तळी असायची. पावसाचं पाणी तिथे थांबायचं, मुरायचं, विहिरी गोड ठेवायचं. आमच्या बावखलाचा शेजारच्या हद्दीतला भाग एका रात्रीत डंपरने भरला. मी तक्रार घेऊन गेलो तर साहेबांनी विचारलं, “तळं होतं याचा पुरावा काय?” मी म्हटलं, मी त्यात पोहायला शिकलोय. त्यांनी ते लिहून घेतलं नाही. मग २०१८ च्या जुलैत पाणी आपली जागा शोधत आलं. नालासोपाऱ्याचे रूळ बुडाले, मिठागरातली माणसं अडकली, आमच्या ओट्यापर्यंत पाणी चढलं. तज्ज्ञांची समिती नेमली गेली. तिने काय सुचवलं? पाणी साठवायला धारण तलाव बांधा. फुकटची बावखलं बुजवू द्यायची आणि मग कोट्यवधींचे तलाव कागदावर काढायचे!

माझे गुडघे गेलेत. डॉक्टर म्हणतात, वजन उचलू नका. मी त्यांना म्हटलं, चिठ्ठीवर लिहून द्या, पाणीखात्याला दाखवतो. ते हसले. रात्री दोनला टँकर आला की मीच उठतो, कारण मुलगा पहाटेच्या लोकलला जातो, त्याची झोप मोडवत नाही. परवा पाइप धरताना ओट्यावरून घसरलो. चार टाके पडले. हे सगळं आपल्याला सांगायचं काही कारण नव्हतं. पण पुरवठा ‘पुरेसा’ आहे हे वाचलं तेव्हा हाताला पट्टीच होती.

आम्ही कुणाचे, हेसुद्धा एकदा ठरवा. ३ जुलै २००९ ला चार नगरपरिषदा आणि ५३ गावं एकत्र करून महानगरपालिका झाली. आम्ही नको म्हणत होतो. हरित वसईसाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटोंसारखी माणसं त्याच्या किती आधीपासून रस्त्यावर उतरली होती, तेव्हाही कुणी ऐकलं नाही. मग २०११ साली २९ गावं वगळायचा निर्णय झाला. मग कोर्ट. मग तारखा. मग २०२४ साली गावं पुन्हा आत घ्यायची अधिसूचना. या सगळ्या काळात पंचायत म्हणाली आम्ही नाही, पालिका म्हणाली अजून निकाल नाही. ६९ गावांच्या पाणीयोजनेच्या टाक्या मात्र उभ्या राहिल्या. आमच्या बाजूच्या टाकीवर कावळे बसतात, त्यांनाही पाणी मिळत नाही. मी नोकरीला लागलो ठाणे जिल्ह्यात, निवृत्त झालो पालघर जिल्ह्यात आणि वर्गखोली एकच. माझं काही म्हणणं नाही, जिल्हे करा, पण फलक रंगवायला जे पैसे लागतात त्यात एक नळ बसतो.

आणि दाद मागायची कुणाकडे? जून २०२० मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, ती जानेवारी २०२६ पर्यंत संपलेलीच राहिली. साडेपाच वर्षं प्रशासक. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या असं घटनेची ७४ वी दुरुस्ती सांगते. मी सातवीला नागरिकशास्त्र शिकवताना हे फळ्यावर लिहायचो, मुलं वहीत उतरवायची, मी बरोबरची खूण करायचो. ते मार्क आता परत घ्यावे काय? या मधल्या काळात नालासोपाऱ्यात ४१ इमारती पाडल्या, त्या सांडपाणी प्रकल्पाच्या आणि कचऱ्याच्या आरक्षित जागेवर उभ्या होत्या म्हणून. उभ्या राहताना कुणाला दिसल्या नाहीत? २०२५ च्या गणपतीत विरारला इमारत कोसळली, १७ माणसं गेली. मेलेल्यांची मोजणी मात्र आपण दोन दिवसांत पूर्ण करता.

जनगणना २०२१ ला व्हायची होती. कोरोना होता, मान्य. पण १९४१ साली महायुद्ध पेटलेलं असतानाही माणसं मोजली गेली होती. आता १ मार्च २०२७ हा मोजणीचा दिनांक ठरला आहे. पुढे आकडे यायला, तपासायला, मंजूर व्हायला आणखी किती, ते मी विचारत नाही. तोवर आम्ही सगळे २०११ मध्येच राहू. त्यात एक फायदा आहे. माझे गुडघे तेव्हा चांगले होते.

मागण्या लिहायच्या राहिल्याच. काशिदकोपरच्या टाकीपर्यंत सूर्याच्या नव्या योजनेचं पाणी येऊन दोन वर्षं होऊन गेली, तिथून आमच्या पट्ट्यात कधी येणार त्याची तारीख द्या. उरलेली बावखलं सातबारावर नोंदवा. टँकरचा उपसा थांबवा. आणि २०२७ च्या फेब्रुवारीत प्रगणक कमी पडले तर मला बोलवा. वय झालं आहे, पण अक्षर चांगलं आहे आणि संतोष भुवनच्या माझ्या गटाचा हाताने काढलेला नकाशा मी जपून ठेवला आहे. त्यातल्या किती चाळी उरल्या, ते बघायला मलाही जायचंय.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
(कागदावर माणशी ३२७ लिटर पिणारा)

ता. क. : उत्तर पाठवायचं झाल्यास आईच्या नावाने पाठवलं तरी चालेल. आपल्या नोंदीप्रमाणे कुटुंबप्रमुख तीच आहे.