बांबालीचा दवाखाना

सोन्या,

तू झोपलायस आणि मला रात्रपाळीला निघायचंय, म्हणून हे लिहून उशाशी ठेवतेय.

परवा ढोबरवाडीच्या मैदानावरून आलास तो बूटही न काढता पडून राहिलास. पेनल्टी हुकली आणि मॅच गेली, हे मला तुझ्या मित्राकडून कळलं. काल म्हणालास, "खेळून कुणाचं काय भलं होतं? सोडतो मी." तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. मग दोन रात्री वॉर्ड शांत झाल्यावर, तुझ्या कपाटावर ज्याचं पोस्टर आहे त्या सेनेगलच्या फुटबॉलपटूबद्दल, सादिओ मानेबद्दल वाचत बसले.

तू मला त्याचे गोल सांगतोस. साउदॅम्प्टनकडून २ मिनिटं ५६ सेकंदांत तीन गोल, मग लिव्हरपूल, २०१९ ची चॅम्पियन्स लीग. मी मात्र त्याच्या गावातच अडकले. दक्षिण सेनेगलमधलं बांबाली. वडील मशिदीत इमाम. ते आजारी पडले तेव्हा गावात दवाखाना नव्हता. झाडपाल्याच्या औषधावर काही दिवस निघाले, मग दुसऱ्या गावी नेलं, तिथेच गेले. माने तेव्हा सात वर्षांचा होता. त्याची बहीणही घरीच जन्मली, त्याच कारणानं.

माझे बाबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते, हे तुला माहीत आहे. कसे गेले ते मी कधी सांगितलं नाही. श्रावणातली रात्र, छातीत कळ आली. वेल्ह्याच्या त्या डोंगरातून डांबरी रस्त्यापर्यंत चौघांनी घोंगडीच्या झोळीतून आणलं. ओढ्याला पाणी होतं, ते उतरायची वाट बघत आम्ही काठावर बसलो. उजाडलं तेव्हा बाबा नव्हते. मी नर्स झाले ती त्या ओढ्यामुळे.

म्हणून २०२१ मध्ये बांबालीत मानेनं दिलेल्या पैशांतून दवाखाना सुरू झाला, हे वाचून मला रडू आलं. त्यात बाळंतपणाची सोय आहे. आमच्या आजीच्या पिढीतल्या किती बायका तेवढ्यावाचून गेल्या! त्याआधी त्यानं गावाला शाळाही बांधून दिली होती. आणि हाच मुलगा पंधराव्या वर्षी खेळायला म्हणून घरातून पळाला होता, राजधानी डाकारमध्ये चाचणीला गेला तेव्हा त्याचे बूट फाटके होते. घरच्यांना त्याचं खेळणं पसंत नव्हतं. त्याच्या आईच्या जागी मी असते, तर मीही त्याला परत आणलं असतं.

पेनल्टीचं तर तूच मला सांगायला हवं होतंस. २०१७ च्या आफ्रिका चषकात कॅमेरूनविरुद्ध त्याची किक हुकली आणि सेनेगल बाहेर गेला. २०२२ च्या फेब्रुवारीत अंतिम सामन्यात सातव्याच मिनिटाला त्याची पेनल्टी इजिप्तच्या गोलकीपरनं अडवली. तरी बरोबरी सुटेना म्हणून झालेल्या पेनल्टी शूटआउटमध्ये निर्णायक किक मारायला तोच पुढे आला. ती गेली आत, आणि सेनेगलला पहिल्यांदाच चषक मिळाला. हुकल्यानंतरचे ते दोन तास त्यानं मैदानावर कसे काढले असतील, याचाच मी विचार करत राहिले.

येत्या रविवारी आमचं तपासणी शिबिर माझ्या माहेरच्या गावी आहे. तू चल. मी रक्तदाब मोजते तेव्हा नावं लिहून घ्यायला माणूस लागतो. भात कापून झालंय, खाचरात पोरं खेळत असतात. तुझा तो जुना बॉल हवा भरून बरोबर घे.

डब्यात थालीपीठ आहे, दही फ्रीजमध्ये. सातपर्यंत येते.

आई