सिरियलमधला गडीच तेवढा आमच्यासारखा का बोलतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी बेळगावच्या वडगावात राहतो, घरालाच लागून शेड आहे, त्यात चार माग चालतात. वडील हातमागावर बसायचे, मी पॉवरलूमवर साड्या काढतो. पेपरला पत्र याआधी कधी लिहिलं नाही पण हे बरेच दिवस मनात आहे.

गेल्या दिवाळीच्या आधी व्यापाऱ्यानं मोबाईलवर फोटो पाठवला, एका मराठी सिरियलमधल्या सुनेच्या अंगावरची साडी. असाच काठ पाहिजे, हाच रंग पाहिजे, बायका दुकानात सिरियलचं नाव सांगून मागायलेत म्हणाला. मी मोरपंखी बीम चढवणार होतो, सूत पण आणून ठेवलं होतं, ते तसंच ठेवलं आणि त्या फोटोतला रंग धरला. खासबाग, शहापूरच्या ओळखीच्या मागवाल्यांना विचारलं तर त्यांच्याकडं पण तोच फोटो आलेला. म्हणजे मुंबईत कोणतरी एका नटीला काय नेसवायचं ते ठरवतो आणि इकडं आमच्या मागावरचं सूत बदलतं. साडीचं ठीक आहे हो, त्यावर आमचं पोट चालतं, पण एवढी ताकद असलेली गोष्ट रोज रात्री घराघरात चालते आणि माणसाबद्दलचं मत बदलत नाही असं कसं म्हणायचं?

त्याच सिरियलमधली सून, तिचा नवरा, सासरे सगळे पुण्यामुंबईचं बोलतात आणि घरातला गडी तेवढा आमच्यासारखा बोलतो. "जातो की", "होय की", "कशाला गा". तो वाईट दाखवलेला नाही, प्रेमळच आहे, पण त्याला कळत काही नाही, तो बोलला की मागं हसण्याचं म्युझिक वाजतं. दुसऱ्या एका सिरियलमध्ये असं बोलणारा सावकार होता, मिशीवाला, मारामारी करणारा. डॉक्टर, वकील, कलेक्टर असं बोलताना मी तरी आजवर बघितला नाही. आमच्या गल्लीतले डॉक्टर पेशंटला "कुठं दुखालंय?" असंच विचारतात आणि त्यांच्या दवाखान्याबाहेर रांग असते.

माझी मुलगी शिकायला पुण्यात आहे. रोज रात्री आईला फोन करते, "आई काय करालीस गं, जेवलीस काय?" मध्ये एकदा असंच बोलणं चालू असताना तिच्या रूममधली मुलगी आत आली वाटतं, तर बोलता बोलता हिचा आवाजच बदलला. "हो, जेवण झालं माझं, तू काळजी करू नकोस." बायको माझ्याकडं बघायला लागली, म्हणाली ही कोणाशी बोलली? सुट्टीला आल्यावर विचारलं तर आधी काही सांगेना, मग सांगितलं, हॉस्टेलच्या मुली त्या गड्याचं नाव घेऊन हाक मारतात, एकदा बोल ना त्याच्यासारखं म्हणतात. त्या मुली वाईट नाहीत असंही तीच म्हणाली. मला पण पटतं ते. त्यांनी बेळगाव बघितलंय कुठं, त्यांना आमची तेवढीच ओळख करून दिलेली आहे.

आता दुसरी बाजू पण सांगतो, नाहीतर हे पत्र अर्धवट होईल. आमच्या शेडमध्ये माझ्याबरोबर एक कन्नड भाषिक कारागीर आहेत, वीस वर्षं झाली, माझ्यापेक्षा वयानं मोठे, मी त्यांना अण्णाच म्हणतो. एकदा दुपारी कांड्या भरताना मोबाईलवर एक मराठी कॉमेडी चालू होती. त्यात लुंगी नेसलेला, कपाळाला भस्म लावलेला अण्णा "अय्यो अय्यो" करत नाचत होता. अण्णा पण आधी हसले. मग धोटा हातात घेऊन थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "हे आमीच काय रे? आमी असं कवा बोलतो?" मला काही उत्तर देता आलं नाही. ते पँट शर्ट घालतात, सकाळी कन्नड पेपर वाचून कामाला येतात, माझ्यापेक्षा चांगला हिशोब करतात. आणि लहानपणी शाळेतनं येताना कन्नड बोलणाऱ्या पोरांना "यंडुगुंडू" म्हणून चिडवणाऱ्यात मी पण होतो, ते मला त्या दिवशी आठवलं आणि खरंच वाईट वाटलं.

मग अण्णाच म्हणाले की त्यांच्या बेंगळूरच्या सिरियल, पिक्चरमध्ये पण हेच आहे, धारवाड बेळगावकडचं कन्नड बोलणारा म्हणजे एकतर खेडवळ, नाहीतर हसवायला ठेवलेला. मी दोन तीन दिवस हाच विचार करत होतो. पुण्यामुंबईला आमचं मराठी हसण्यासारखं आणि बेंगळूरला त्यांचं कन्नड हसण्यासारखं, आणि आम्ही दोघं एकाच शेडमध्ये शेजारच्या मागांवर उभे.

खरं तर मराठी नाटकाचीच सुरुवात बघा. 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी नाटक उभं केलं ते कर्नाटकातनं आलेल्या भागवत मंडळींचे खेळ बघून, सांगलीच्या राजांनी तसं मराठीत करा म्हणून सांगितलं म्हणून. आणि 1880 ला पुण्यात संगीत नाटक गाजवणारे अण्णासाहेब किर्लोस्कर तर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. गोष्ट सांगायची कला इकडून तिकडं गेली, आणि आता तिकडून गोष्ट येते त्यात आम्ही गडी.

बातम्यांचं तेच. 6 डिसेंबर 2022 ला बेळगावजवळच्या हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले, ते खोटं नाही, त्याचा रागही आला. पण चॅनेलवाल्यांनी तीच काच फुटताना इतक्या वेळा दाखवली की कोल्हापूरच्या बहिणीचा रडत फोन आला, दार लावून बसा म्हणून. तेव्हा बायको भाजी आणायला गेली होती आणि कोथिंबीर महाग झालीय म्हणत परत आली. मी 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या सायकल फेरीत जाणारा माणूस आहे, बेळगाव महाराष्ट्रात यावं हा सीमाप्रश्न माझा पण आहे, 2004 पासून सुप्रीम कोर्टात दावा पडून आहे त्याची बातमी आलीच पाहिजे. पण वर्षात आमची आठवण काच फुटल्यावरच का यावी, हे पटत नाही.

म्हणून विनंती एवढीच की तुमच्या रविवारच्या पुरवणीत इकडच्या माणसांना जागा द्या. निपाणीच्या विडी वळणाऱ्या बायका, खानापूरच्या जंगलाकडचे शेतकरी, आमचे माग, एकदा या आणि बघा. इकडच्या बोलीत लिहिलेल्या गोष्टी मागवा, आणि त्यात हिरो पण असंच बोलणारा असू दे. कन्नडमध्ये लिहिणाऱ्या इकडच्या एखाद्याची गोष्ट मराठी करून छापलीत तर अण्णांना मी स्वतः वाचून दाखवीन.

आणि हे पत्र छापणार असाल तर शुद्धलेखन काय ते बघा, ऱ्हस्व दीर्घ माझं कच्चं आहे, पण मुलीच्या फोनमधलं "करालीस" आहे ते तसंच ठेवा, त्याचं "करतेस" करू नका.

आपला,
एक मागवाला, वडगाव, बेळगाव